कॅलिपरला शेक

बंगळूरला थंडी पडत नाही असं म्हणणाऱ्या माणसाला जानेवारीत सकाळी जे. पी. नगरात नुसत्या बनियनवर उभं करावं आणि मग बोल म्हणावं. हाडं फोडणारी थंडी नसते ती, कबूल. पण ओलसर असते, चोरपावलांनी घरात शिरते आणि मुक्काम ठोकते. मिठाचा गोळा होतो, बाळाची दुपटी दिवसभर दमट राहतात, आणि रंगाचं तर विचारूच नका. रंग वाळतच नाही.

अंबुबाईच्या जिवाला त्या दिवसांत या रंगाचाच घोर लागला होता. आता साठीच्या बाईला रंगाचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. बरं, घराला रंग काढला होता असंही नाही. रंग दिला होता मोटारीच्या ब्रेकला. हसू नका. घरातल्या बापलेकाचं पुढचं सगळं त्या ब्रेकच्या रंगावर अडलं होतं.

झालं होतं असं. अंबुबाईचे यजमान मल्हारराव यांचं चिकपेटेत ब्लाउज पीस आणि अस्तराचं दुकान. घराणं कधीकाळी घोड्यावर बसून या मुलखात आलेलं. पुढं घोडे गेले, तलवारी गेल्या आणि हातात कापड मोजायचा गज आला. मुलगा गिरीराज कॉलेज संपल्यापासून त्याच दुकानात बसत होता. पण पोराचं लक्ष कापडात कधी नव्हतंच. रस्त्यावरून एखादी नवी मोटार गेली की हातातलं अस्तर तसंच टाकून हा बाहेर. शेवटी दसऱ्याला बापलेकांत वाजलं. गिरीराज म्हणाला, "मला मोटारी सजवायच्या आहेत, अप्पा. सीट कव्हर, स्टिकर, रंग. घरची शेड आहे, तिथंच सुरू करतो."

मल्हारराव आधी तापले आणि मग व्यापाऱ्यासारखं बोलले. "संक्रांतीपर्यंत कर. तोवर एक जरी गिऱ्हाईक खूश होऊन गेलं तर मी परत तोंड उघडणार नाही. नाही गेलं, तर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर तू उघडायचंस. मग पुन्हा मोटारीचं नाव काढायचं नाही."

"सरी अप्पा," गिरीराज म्हणाला. सरी म्हणजे ठीक. दोघांनी एकमेकांना शब्द दिला.

त्यानंतर पोरानं नशिबाचं काय घोडं मारलं होतं कोण जाणे. पहिल्या गिऱ्हाइकाची सीट कव्हरं सुरकुतली. दुसऱ्याचं स्टिकर आठवड्यात सोललं आणि तो दारात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा कन्नडमध्ये ओरडून गेला. आणि तिसरा, म्हणजे शेवटचाच, आला तो अवधूत.

अवधूत पुण्याचा. कंप्युटरच्या कंपनीत कामाला, मागच्या क्रॉसला, म्हणजे मागच्या आडव्या गल्लीत, माडीवर भाड्यानं राहणारा. याच्या एस्टीम गाडीला नवी जाळीदार चाकं बसवलेली. त्यानं कुठल्याशा परदेशी मासिकात पाहिलं होतं की चाकाच्या जाळीतून ब्रेकचे कॅलिपर लाल दिसतात. "काकू, कॅलिपर रेड केले ना, की टोटल लूकच चेंज होतो," तो अंबुबाईला म्हणाला. तिला त्यातलं 'काकू' तेवढं कळलं. नंतर गिरीराजनं समजावलं: चाकाबरोबर फिरणारी एक पोलादी थाळी असते, तिला दोन्हीकडून चिमट्यात धरून गाडी थांबवणारा लोखंडी ठोकळा म्हणजे कॅलिपर. पुढच्या चाकांना एकेक. शनिवारी सकाळी अवधूत गाडी घेऊन पुण्याला निघणार होता, मंगळवारच्या संक्रांतीला, आईकडं. त्याआधी काम हवं होतं.

गुरुवारी गिरीराजनं दोन्ही कॅलिपर उतरवले. तारेच्या ब्रशनं घासले, पेट्रोलनं धुतले, पॉलिश पेपर मारला आणि जे. सी. रोडवरच्या नरसिंहण्णाच्या दुकानातून आणलेला, उष्णता सोसणारा लाल रंग इतक्या निगुतीनं लावला की अंबुबाई एळ्ळु-बेल्लाचं, म्हणजे इकडच्या तीळगुळाचं, खोबरं कातरता कातरता बघत राहिली. हाच पोरगा दुकानात अस्तर वाकडं फाडायचा! दोन्ही ठोकळे त्यानं शेडच्या वाशाला तारेनं टांगले. ऐन जास्वंदीचा रंग. अंबुबाईला वाटलं, आता झालं, सुटलो.

शुक्रवारी सकाळी त्यानं हळूच बोट लावलं, तर बोटाचा ठसा उठला. रंग तसाच चिकट.

"थंडी आहे अम्मा. यात तो धरतच नाही."

मल्हारराव दुकानाला निघाले होते. शेडपाशी थांबून त्यांनी वर पाहिलं. "ओलंच आहे का अजून?" एवढंच विचारलं. विचारताना आवाजात काळजी होती की आशा, हे अंबुबाईला ओळखू आलं, आणि तिला नवऱ्याचा असा राग आला की तिनं डबा त्यांच्या हातात नीट न देता पायरीवर ठेवला.

गिरीराजनं कॅलिपरजवळ मोठा बल्ब लावला. ऊब लागून रंग जरा आवळतोय असं वाटायला आणि करंट जायला एकच गाठ पडली. त्या वर्षी करंट असाच जायचा, आला की पाहुण्यासारखा. पोरगं कपाळाला हात लावून बसलं. मग उठलं. "नरसिंहण्णाला विचारून येतो, रंगात मिसळायचं काही मिळालं तर. तू कशाला हात लावू नकोस हं अम्मा." आणि स्कूटर काढून गेला.

हात लावू नकोस म्हणाला होता. शेक देऊ नकोस असं काही म्हणाला नव्हता.

घरात सून भूमिका, गिरीराजची बायको, बाळंतीण होती. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. रोज सकाळी बाळाची अंघोळ झाली की अंबुबाई शेगडीत निखारे घ्यायची, त्यावर वेताची टोपली उपडी घालायची, टोपलीवर दुपटी पसरायची, आणि त्या उबेत बाळबाळंतीण कशी शेकून निघायची. या घरात थंडीला दुसरं उत्तरच नव्हतं. दमट दुपटी वाळतात, बाळाची सर्दी पळते, तर रंग का वाळू नये? सांगा तुम्हीच.

आधी तिनं पेट्रोलचा डबा आणि थिनरची बाटली पार फाटकापाशी नेऊन ठेवली. तेवढी अक्कल होती तिला. मग भरून निखारे घेतले, शेगडी शेडमध्ये आणली, कॅलिपर तारेला धरून अलगद खाली सोडले आणि वरून टोपली झाकली. पदरानं घाम पुसत ती म्हणाली, "वाळा रे बाबांनो आता. माझ्या लेकराची लाज तुमच्या हातात."

आणि असं म्हणता म्हणता तिच्या हातानं कंबरेच्या पिशवीतून सांब्राणी काढली, सांब्राणी म्हणजे आपला ऊद, त्यात ओवा आणि लसणाची सालं मिसळलेली, आणि मूठभर निखाऱ्यांवर टाकली. हात तो. आयुष्यभर शेगडीवर टोपली घातली की पाठोपाठ सांब्राणी टाकायची, एवढंच तो शिकलेला. डोक्याला विचारलंच नाही त्यानं.

आत बाळ रडलं म्हणून ती धावली. बाळाला खांद्यावर घेऊन थोपटून, भूमिकाला पाणी देऊन परत आली तेव्हा टोपलीच्या भोकांतून दाट पांढरा धूर लोळत होता. "अय्यो!" म्हणत तिनं टोपली उचलली.

जास्वंद गेली होती. ओल्या रंगावर धूर बसून तो तपकिरी झाला होता, राख चिकटली होती, लसणाची जळकी सालं चिकटली होती. जुन्या बंबाच्या बुडासारखे दिसत होते दोन्ही ठोकळे.  ज्या पोरासाठी अंबुबाई नवऱ्याशी महिनोन्महिने धुसफुसत होती, त्याच्या शेवटच्या कामाची माती तिनंच केली होती. तिला रडूही येईना.

तेवढ्यात फाटक वाजलं. मल्हारराव. चिकपेटेतही करंट नव्हता. अंधारात गुलाबी कोणता आणि राणी रंग कोणता ते गिऱ्हाइकांना दिसेना, म्हणून लवकर घरी आले होते. ते शेडच्या तोंडाशी थांबले. त्यांनी कॅलिपर पाहिले, शेगडी पाहिली, टोपली पाहिली आणि शेवटी बायकोकडं पाहिलं.

"अंबू," ते हलक्या आवाजात म्हणाले, "माझ्यासाठी केलंस होय?"

तिला आधी काही कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा दिसला. म्हाताऱ्याला आनंद झाला होता. साधासुधा नाही, पोटातून झाला होता. डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

"मला वाटायचं तू त्याच्याच बाजूची. मी आपला एकटाच." ते उपड्या बादलीवर बसले, गुडघे चोळायला लागले. "दुकानात दुपारी बोलायला कुणी नसतं ग. गडी जेवायला घरी जातो. मी डबा उघडतो आणि भिंतीकडं तोंड करून जेवतो. वरच्या फळीवरचं कापडाचं थान काढायचं तर स्टुलावर चढवत नाही. पोरगं होतं तेव्हा आमचं भांडण तरी व्हायचं."

हे माणूस कधी असं बोललं नव्हतं. अंबुबाईच्या तोंडाशी आलं होतं, 'तुमच्यासाठी कशाला करू मी असलं?' पण ते शब्द बाहेर पडेनात. आत्तापर्यंत तिला नवऱ्याचा हट्ट दिसत होता, आता त्याच्या मागचा एकटा म्हातारा दिसला. आणि दिसल्यावर त्याला कसं झिडकारायचं?

"त्याला सांगू नकोस," मल्हारराव म्हणाले. "थंडीनं गेला म्हण. थंडीला कोण जाब विचारणार?" आणि त्यांनी स्वतः उठून कॅलिपरवरची दिसतील तेवढी सालं झटकली, शेगडी आणि टोपली परसात नेऊन ठेवली. घरातली शेगडी त्यांनी जन्मात पहिल्यांदा उचलली असेल.

खरं सांगायचं तर अंबुबाईला मोह झाला. झाकलेली मूठ झाकलेलीच राहील. बापलेक सकाळी एका बसनं जातील, एका डब्यातलं खातील. घरातलं धुमसणं संपेल. आणि आपला अपराधही थंडीच्या नावावर खपून जाईल. ती गप्प राहिली.

गिरीराज आला तो हातात छोटी बाटली नाचवत. "अम्मा, मिळालं! स्वल्प घालायचं, नरसिंहण्णा म्हणाला, थंडीतसुद्धा..." आणि तो थांबला. एक कॅलिपर हातात घेऊन त्यानं उजेडाकडं धरला. सांब्राणीचा वास घरभर रोजचाच, त्याचं त्याला वेगळं काय वाटणार?  मग कॅलिपर खाली ठेवला, हात फडक्याला पुसले, एकेक बोट नीट पुसलं.

"काळाच पडला की. काय झालं याला कळत नाही. थंडीनंच असेल." त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "माझ्या हाताला यशच नाही, अप्पा. तुमचंच खरं. बुधवारी शटर मी उघडतो. चावी द्या."

मल्हाररावांचा हात कोटाच्या खिशाकडं गेला. चाव्यांचा जुडगा वाजला. अंबुबाईनं पोराच्या तोंडाकडं पाहिलं. लहानपणी अंगात ताप असला की तो असाच शहाण्यासारखा वागायचा, औषध मागून घ्यायचा, आणि तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. आत्ताही झालं.

"थांबा," ती म्हणाली. "थंडीनं नाही रे राजा. मी केलं. शेक दिला मी त्याला. सांब्राणी टाकून."

गिरीराज तिच्याकडं बघत राहिला. मग बापाच्या हातातल्या चाव्यांकडं त्यानं पाहिलं, मग परत तिच्याकडं. "मुद्दाम?" त्यानं विचारलं. "अप्पांनी सांगितलं म्हणून?"

या प्रश्नापुढं अंबुबाई खचली. नाही म्हणावं तरी कोणत्या तोंडानं? गप्प तर ती बसलीच होती की मघाशी. तिला हुंदका फुटला आणि पदर तोंडात कोंबून ती भिंतीकडं वळली.

मल्हाररावांनी कॅलिपर उचलला. चष्मा वर सरकवून जवळून पाहिला आणि रंगात रुतलेला एक दाणा नखानं टोकरून काढला. तो त्यांनी मुलाच्या तळहातावर ठेवला.

"काय आहे?"

"ओवा."

"मग?"

"नासवायला निघालेली बाई ओवा टाकत नसते, गिरी. ओवा बाळाच्या पोटाला बरा म्हणून टाकतात. तुझ्या आईनं याला बाळासारखा शेक दिला."  पुढचं बोलणं त्यांना जड गेलं, ते दिसत होतं. "मलाही मुद्दामच वाटलं होतं. वाटलं आणि मला बरं वाटलं. शेगडी मी लपवली. तिला गप्प बसायला मी सांगितलं. तिला बोलू नकोस, बोलायचं तर मला बोल."

 गिरीराज आईजवळ गेला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. 

"गाडीवाला कधी यायचाय?" मल्हाररावांनी विचारलं.

"उद्या सकाळी."

"मग उभा काय राहिलास असा? पॉलिश पेपर कुठाय?" त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि बाह्या वर सारल्या.

मग काय विचारता! थिनरनं सगळं पुसून काढलं, बाप एक ठोकळा घासायला बसला आणि लेक दुसरा. अस्तराच्या पोताला सरावलेली मल्हाररावांची बोटं कानाकोपऱ्यातली राख बरोबर हुडकून काढत होती, आणि गिरीराज "अप्पा, तिथं जोर नको, रबर आहे," असं दटावत होता. बाटलीतलं स्वल्प घालून रंग पुन्हा लागला. अंबुबाईनं शेगडी परत आणली. निखाऱ्यांवर भाकरीचा तवा उपडा घातला, म्हणजे राख उडणार नाही. कंबरेची पिशवी मात्र तिनं सोडून सुनेच्या उशाशी ठेवून दिली. आपल्या हाताचा तिला आता भरवसा नव्हता. "ठेवा, ठेवा, नाहीतर रात्री वरणात सांब्राणी पडायची," भूमिका म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा घरात कुणीतरी हसलं.

शनिवारी उजाडता उजाडता गिरीराजनं बोट लावलं. ठसा उठला नाही. त्यानं अंगठा दाबला. तरी नाही. दोन्ही कॅलिपर चढले. मग ब्रेकच्या नळीतली हवा काढायची होती आणि त्याला दोन माणसं लागतात. एकानं खाली बसून नट सैल करायचा, दुसऱ्यानं आत बसून पायानं ब्रेक दाबायचा. मल्हारराव धोतर सावरत स्टीअरिंगमागं बसले.

"दाबा अप्पा. धरा. धरून ठेवा. आता सोडा. सोडा म्हणतो ना!"

"सोडलं रे बाबा, सोडलं."

घरात आजवर ज्यांच्या शब्दानं पान हलायचं, ते मुलाच्या शब्दावर ब्रेक दाबत होते आणि सोडत होते. अंबुबाई पायरीवरून हे बघत होती आणि तिला भरून आलं होतं.

अवधूत आला, उकिडवा बसला आणि चाकाच्या जाळीतून बघतच राहिला. "माय गॉड, गिरी! काय फिनिश आहे यार!" मग उठून त्यानं गिरीराजला मिठीच मारली. "पुण्याहून आलो की आमच्या ऑफिसातल्या दोघांच्या गाड्या तुझ्याकडंच." त्यानं गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ब्रेक दाबून पाहिला, हात हलवला आणि गाडी वळली.

मल्हारराव फाटकाशी उभे होते. "सरी," ते म्हणाले. "गिऱ्हाईक खूश होऊन गेलं." आणि अंघोळीला गेले. दिलेला शब्द त्यांनी पाळला, त्या विषयावर परत तोंड उघडलं नाही. संक्रांत झाली, एळ्ळु-बेल्ल वाटून झालं. पण अंबुबाईला घास गोड लागेना. पोराचं भलं झालं, देवाची कृपा. पण त्या भिंतीकडं तोंड करून जेवणाऱ्या माणसाचं काय?

बुधवारी बाळाची अंघोळ झाली, शेक झाला. शेडमध्ये गिरीराज होता, सून आता हिंडतीफिरती होती. मल्हारराव कोट घालून बाहेर आले तर अंबुबाई चपला घालून तयार. हातात नेहमीचा डबा नव्हता, मोठा होता.

"कुठं निघालीस?"

"दुकानात. संध्याकाळच्या आत मला परत बसमध्ये बसवून द्या म्हणजे झालं."

"तू येऊन काय करणार तिथं?"

"भांडीन," ती म्हणाली. "आणि स्टुलावर चढीन. माझे गुडघे अजून शाबूत आहेत."

मल्हारराव चालू लागले. ती मागून निघाली. मार्केटची बस आली. बायका पुढच्या दारानं, पुरुष मागच्या. अंबुबाईला पुढं खिडकीजवळ जागा मिळाली. मागं गर्दीत तिला नवरा दिसेना, पण कंडक्टर त्यांच्यापाशी पोचला तेव्हा आवाज तिनं ओळखला. मल्हारराव कन्नडमध्ये मार्केटची दोन तिकिटं मागत होते.

"दुसरं कोण?" कंडक्टरनं विचारलं.

"ती काय, तिथं पुढं," मल्हारराव म्हणाले, सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात. "आमच्या घरची आहे."